सुमनताई, घरी सांगायचं राहिलं

ताई, कंपनीतली तुमची सुपरवायझरची खुर्ची मला देऊ केलीय. उद्या, शुक्रवारी, साहेबांना होय की नाही ते सांगायचंय. तुम्ही असता तर मी आधी तुमच्याकडं पळत आले असते, आणि तुम्ही म्हणाला असता, "यात विचारायचं काय, येडे? जा, बस." आता विचारायला जावं तर दापोडीच्या तुमच्या घरात तुमचा फोटो आहे, फोटोपुढं मेणबत्ती आहे, आणि तुमची उषा शाळेचा गणवेश घालून नुसतीच भिंतीला टेकून बसलेली असते. शाळेत जात नाही आणि गणवेश काढतही नाही.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला म्हणाले, तुम्ही दोन शब्द बोला, त्यांच्या सगळ्यांत जवळच्या तुम्हीच. मी उठले. समोर पांढऱ्या कपड्यांतली एवढी माणसं, आपल्या कंपनीतल्या बायका, गल्लीतली म्हातारी मंडळी. तोंड उघडलं, पण आवाज काही निघेना. हात जोडले आणि खाली बसले. सातवीतनं शाळा सुटलेली बाई मी, चार माणसांत उभं राहून बोलायला तुम्ही शिकवणार होतात ना? ते शिकवणं राहिलं. म्हणून लिहायला बसले. इथं निदान आवाज फुटावा लागत नाही.

तुम्ही कुठं जन्मलात, किती शिकलात, हे तिथं सगळं सांगून झालं. मला ते सांगायचं नाही. मला तुमच्याशी बोलायचंय. थोडं भांडायचंही आहे.

भोसरीच्या त्या औषधाच्या कंपनीत मी पहिल्यांदा आले तो दिवस आठवतो का तुम्हाला? मी उदगीरकडची. कासारवाडीच्या चाळीत नवऱ्याबरोबर संसार मांडून वर्षही झालं नव्हतं, कंपनी म्हणजे काय हे बाहेरनं भोंगा ऐकून जेवढं कळतं तेवढंच ठाऊक. मला काचेच्या खोलीत नेलं. पांढरा झगा, टोपी, तोंडाला फडकं, हातात रबरी मोजे. टोपीत माझा अंबाडा मावेना. सगळ्या बायकांचे नुसते डोळे दिसत होते. मी कुणाला तरी म्हणाले, "मला भ्या वाटायलंय." तर त्या डोळ्यांतले दोन डोळे हसले आणि फडक्यामागनं आवाज आला, "वाटायलंय? वाटू दे की. हात थरथरायला नको, एवढंच."

ते तुम्ही. पुढं कितीतरी दिवस "काय करायलीस, काय खायलीस" अशी माझी नक्कल करायचात. दुसऱ्या कुणी केली असती तर मी रडले असते. तुम्ही केलीत की मला वाटायचं, इथं कुणीतरी आपलं बोलणं कान देऊन ऐकतंय.

डब्याच्या सुट्टीत तुम्ही मला इंग्रजी अक्षरं शिकवलीत, तीही बाटलीवरच्या चिठ्ठीवरनं. "हा पी. एक पाय वर घेतलेला बगळा समज." मी आयुष्यात पहिला इंग्रजी शब्द जो वाचला तो आपण बाटल्यांत भरायचो त्या औषधाचा. पेनिसिलिन. तुम्ही टाळी वाजवलीत. म्हणालात, "आता तुला गावाकडं कुणी अडाणी म्हणालं तर ही बाटली दाखव."

आणि तुमच्या घरचं जेवण. सुट्टीच्या गुरुवारी तुम्ही मला दापोडीला घेऊन जायचात. दाजी चुलीपुढं बसलेले आणि तुम्ही पुस्तक घेऊन खिडकीत, हे चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसावं का घाबरावं कळेना. तुमच्या ताटातलं मी खाल्लं, तुमच्या माठातलं पाणी प्यायले, आणि गावी सासूबाईंना ते सांगायची सोय नव्हती हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही कधी विचारलं नाहीत, "सांगितलंस का?" म्हणून. मी आजही सांगितलेलं नाही. आता सांगीन म्हणते.

बाळू दोन वर्षांचा झाला तेव्हा त्याला सासूबाईंकडं गावी ठेवला, तो दिवसही तुम्हीच निभावून नेलात. ह्यांची तीन पाळ्यांची नोकरी, माझी दोन पाळ्यांची. पोरानं कुणाकडं बघायचं? एकदा तर चाळीतल्या म्हातारीच्या भरवशावर टाकून गेले आणि परत आले तर पोर उंबऱ्यात बसून माती खात होतं. गावाहून परत आले त्या दिवशी माझा झगा पुढं ओला झाला. दूध अजून आटलं नव्हतं. तुम्ही माझ्यापुढं उभ्या राहिलात, कुणाला दिसू नये म्हणून, आणि हळूच म्हणालात, "कमळे, पोराला परत आणायचा रस्ता एकच. वर चढ. सुपरवायझरला पाळ्या नसतात. सकाळी नऊला यायचं, संध्याकाळी पोराच्या हातचा चहा प्यायचा."

मी म्हणाले, "आम्ही कुठल्या वर चढायलोय."

"आधी मी चढते," तुम्ही म्हणालात. "मागनं तू ये."

तुम्ही बाटल्या धुण्यापासून सुरुवात केलेली. लग्नानंतर रात्रशाळेत जाऊन मॅट्रिक झालेल्या. भरण विभागात तोवर एकही बाई खुर्चीवर बसली नव्हती. "माझ्या आईनं जन्मभर दुसऱ्याची अंगणं झाडली," एकदा बसची वाट बघताना तुम्ही बोलून गेलात. "मला नुसता पगार नकोय. मला सही करायचीय. माझी सही झाल्याशिवाय पेटी दाराबाहेर जाता कामा नये." तुमचे डोळे त्या वेळी असे काही दिसले की मला तुमची धास्तीच वाटली. एवढं मोठं काही मागायचं असतं हेच मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

आता त्या औषधाच्या पावडरीचं.

बाहेरच्या माणसाला सांगितलं तर पटायचं नाही. काचेच्या खोलीत पावडर दिसत नाही. कुठं उडत नाही, साठत नाही. नुसता एक कुबट वास, आणि संध्याकाळी मनगटाला खाज, मोजा संपतो तिथंच. कुणाला वर्षानं सुरू व्हायची, कुणाला चार वर्षांनी, कुणाला कधीच नाही. पहिल्यांदा खाज, मग लाल पुरळ, मग सकाळी उठल्यावर पापण्या जड. कंपनीचा नियम होता, तो चांगलाच होता. महिन्याच्या पहिल्या सोमवारी डॉक्टर यायचे, सगळ्यांचे हात बघायचे. ज्यांच्या हातावर पुरळ, त्यांची बदली खोक्यांकडं. पगार तोच. पण खोकी चिकटवणाऱ्या बायकांतनं कुणी वर गेलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. भरण विभाग ज्याला येतो त्यालाच खुर्ची. खोक्यांकडं गेलेली बाई तिथंच म्हातारी व्हायची.

म्हणून आम्ही मेंदी लावायचो.

कुणी सुरू केलं ठाऊक नाही, मी यायच्या आधीपासूनच होतं. डॉक्टर यायच्या आदल्या दिवशी कुणीतरी मेंदीचा पाला वाटून डब्यातनं आणायचं. तळहातापासून पार कोपराच्या अलीकडंपर्यंत. पुरळ झाकलं जायचं आणि गारही वाटायचं. डॉक्टर हात बघायचे आणि म्हणायचे, "काय हो, भोसरीत वर्षभर लग्नसराई असते वाटतं?" तुम्ही एकदा तोंडावर पदर धरून म्हणालात, "काय करणार डॉक्टरसाहेब, आम्हाला नणंदा फार." सगळ्या बायका खोखो हसल्या, डॉक्टर हसले, आणि पुढच्या खोलीत गेले.

मी लावायची ती हौसेनं. माझ्या हाताला तेव्हा काही नव्हतं. तुमच्या होतं. मी तुम्हाला विचारलं, ताई, हे बरं का? तुमचं उत्तर ठरलेलं. "अगं, मिरची कांडणाऱ्या बाईला ठसका येतोच. म्हणून मिरची विष असते का? हे तर औषध आहे. औषधानं कुणाचं वाईट होतं?"

मला पटलं. कुणालाही पटलं असतं. ज्या बाटल्यांनी माणसं वाचतात, त्या बाटल्या भरताना आपलं काही होईल, हे डोक्यात येणार कसं? उलट आम्हाला थोडा अभिमानच होता. गावाकडं कुणी विचारलं तर मी सांगायची, आमच्या हातचं औषध थेट दवाखान्यात जातंय.

आपलं भांडण झालं ते भोसरीच्या बस थांब्यावर. दिवाळीच्या आधी. तुमच्या पापण्या त्या दिवशी इतक्या सुजल्या होत्या की डोळे नुसते रेघेएवढे. विचारणाऱ्याला तुम्ही सांगत होतात, काजळ बाधलं. मी म्हटलं, "ताई, डॉक्टरला नका सांगू. पण दाजींना तरी सांगा."

"कशाला?"

"घरच्या माणसाला ठाऊक पाहिजे."

"कमळे, घरी सांगितलं की घर घाबरतं. आणि घाबरलेलं घर पहिल्यांदा बाईची नोकरी सोडवतं. तुझ्या दाजींसारखा माणूस लाखात एक. मी वाचत बसले तर चहा करून देतो. पण त्यांच्या हातात मी कारण देणार नाही. लाखातला झाला तरी नवराच तो."

"आणि जास्त झालं तर?"

"बघू."

"काय बघू? तुम्हाला काय झालं तर त्या उषानं..."

"तू मला उषाचं सांगू नको," तुम्ही इतक्या जोरात म्हणालात की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. तेवढ्यात बस आली. तुम्ही चढलात. मला जागा मिळाली नाही. खिडकीतनं तुम्ही हातानं खूण केलीत, उद्या बोलू.

दुसऱ्या दिवशी तुम्हाला खुर्ची मिळाली. पेढे वाटले. कुठलं भांडण आणि कुठलं काय.

पेढा माझ्या तोंडात घालताना तुम्ही म्हणालात, "पुढचा नंबर तुझा. बाळूचं शाळेचं दप्तर आत्ताच घेऊन ठेव." मला इतका आनंद झाला ताई, की मी तुमच्या हाताकडं बघितलंच नाही.

पण खुर्ची होती कुठं? पावडर ओततात त्या यंत्राच्या शेजारी, अगदी खेटून. आधी तुम्ही निदान अर्धा दिवस बाटल्यांच्या टोकाला, यंत्रापासनं लांब असायचात. आता पूर्ण दिवस तिथं. सुपरवायझरची वेळ नऊची, पण तुम्ही सगळ्यांच्या आधी यायचात आणि सगळ्यांच्या नंतर निघायचात. उषाचं शाळेत नाटक होतं, त्या दिवशी माल जायचा होता म्हणून तुम्ही गेला नाहीत. पोरीनं दोन दिवस बोलणं टाकलं. तुम्ही मला म्हणालात, "मोठी झाली की कळेल तिला, आई कुठं होती ते." हे म्हणताना तुम्ही खोकत होतात. तो खोकला घशातला नव्हता. आत कुठंतरी दार लावल्यासारखं व्हायचं, आणि मग तुम्ही श्वास ओढून घ्यायचात.

एकदा तुम्ही जिन्यात बसलेल्या सापडलात. छातीतनं बारीक शिट्टी वाजत होती. पोराच्या खेळण्यातनं निघते तशी. ओठ काळपट. मी धावले तर तुम्ही बोट वर केलंत. "थांब. जाते आपोआप." खरंच गेली. तुम्ही उठलात, तोंड धुतलंत, वर गेलात, आणि सगळ्यांच्या देखत मला झापलंत, "जागा सोडून कुठं हिंडत होतीस?" मला राग आला नाही. मला थंडी भरल्यासारखं झालं.

त्यानंतर मी रोज आत शिरताना आधी दाराशी तुमची चप्पल बघायची, आलीय का. चप्पल दिसली की जीव भांड्यात पडायचा. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही हसला असता.

त्या दिवशी चप्पल नव्हती.

काय झालं ते मला उषानं सांगितलं, तेही तुकड्या-तुकड्यानं. थंडीनं तुमचा घसा धरला होता, ताप होता, तरी तुम्ही कामावर येतच होतात. मग एका सकाळी उठवेनाच. दाजींनी गल्लीतल्या डॉक्टरांना घरी आणलं. डॉक्टरांनी घसा बघितला, म्हणाले, इंजेक्शन देऊ, उद्या उठून बसतील. आणि त्यांनी विचारलं ताई, विचारलं नाही असं नाही. विचारलं, "याआधी कुठल्या इंजेक्शनचा त्रास झालाय का यांना? अंगावर काही उठणं, दम लागणं?"

दाजी म्हणाले, "छे हो. ती तर औषधाच्याच कंपनीत आहे. तिला कसला त्रास."

तुम्ही तापात होतात. उषा म्हणते, तुम्ही डोळे उघडून बाटली बघितलीत आणि हसलात. म्हणालात, "आमचीच आहे."

डॉक्टर अजून पिशवी आवरत होते, तेवढ्यात तुम्ही तळहात खाजवायला लागलात. मग म्हणालात, "उषा, खिडकी उघड." उषा सांगते, "मावशी, खिडकी उघडीच होती." पुढचं ती सांगत नाही. मीही विचारलं नाही. डॉक्टर दुसरं कसलं तरी इंजेक्शन भरत होते एवढंच ती म्हणाली.

तुम्हाला नदीकडं नेलं तेव्हा मी तुमच्या दारातच बसून होते. बायका येत होत्या, जात होत्या. माझ्या मनात एकच, आपलं बोलणं अर्धं राहिलंय, आता ते कुणाशी पुरं करू?

मग कंपनीच्या डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना उभं केलं आणि समजावून सांगितलं. म्हणाले, ज्याच्या कातडीला ही पावडर सोसत नाही, त्याच्या रक्तात ती सुईनं गेली तर काही मिनिटांत माणूस जातो. म्हणून मी हात बघतो. खोक्यांकडं पाठवतो ती शिक्षा नव्हे. त्यांनी हे आधीही सांगितलं असेल. आम्ही तेव्हा हसत होतो. या वेळी कुणी हसलं नाही. एकेक जण आपापले हात झग्याच्या खिशात घालून उभी.

जलदानाच्या दुसऱ्या दिवशी दाजींनी मला बाजूला घेतलं. "कमलताई, खरं सांगा. तिला कंपनीत काही त्रास होता का?"

मी सांगितलं. पुरळ, पापण्या, जिना, सगळं. ते माझ्याकडं न बघता ऐकत होते. मग म्हणाले, "मला का नाही सांगितलं तिनं? मी काय नोकरी सोड म्हणालो असतो?"

मी त्यांच्याकडं बघितलं.

मग त्यांनीच तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाले, "म्हणालो असतो."

ताई, तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तुमचं म्हणणं खोटं नव्हतं. घर घाबरलं असतं. घरानं नोकरी सोडवली असती. तुमची सही कुठल्या पेटीवर झाली नसती. आणि तुम्ही आज दापोडीच्या नळावर भांडत असता, मला शिव्या देत असता, "तुझं ऐकलं म्हणून बसले घरात." ते सहन केलं असतं मी. जन्मभर केलं असतं. पण तुम्ही केलं असतं का, हे मला ठरवता येत नाही. तुमच्याशी भांडायचं म्हणते ते एवढ्यावरच, आणि दर वेळी हरते ती मीच.

आता माझं सांगते, जे अजून कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या डाव्या मनगटावर सुरू झालंय. तुम्ही जायच्या थोडं आधीपासून. पहिल्यांदा वाटलं बांगडी घासली. मग उजव्यावर. परवा सकाळी आरशात बघितलं तर उजवी पापणी थोडी खाली आलेली. मी किती तरी वेळ आरसा हातात धरून उभी होते.

आणि त्याच दिवशी साहेबांनी बोलावलं. "सुमनबाईंच्या हाताखाली तयार झालेली तूच आहेस. त्यांची जागा तू घे." मी हात पदराखाली घेतले. साहेबांना वाटलं लाजले.

पाळ्या सुटतील. नऊला जायचं, संध्याकाळी घरी. बाळूला आणता येईल. तो पाच वर्षांचा होतोय, जूनमध्ये शाळेत घालायचाय. गेल्या खेपेला गावी गेले तर माझ्याजवळ झोपायला तयार होईना. सासूबाईंच्या पदराआडनं बघत होता. "ही कोण?" असं त्यानं विचारलं नाही, पण त्याच्या तोंडावर तेच होतं. अजून वर्षभर असंच गेलं तर तो विचारील. ही खुर्ची म्हणजे माझं पोर आहे ताई. तुम्हाला खुर्ची हवी होती खुर्चीसाठी, आणि त्यात काही वाईट नव्हतं. मला ती बाळूसाठी हवीय. म्हणजे मला जास्तच हवीय.

आज गुरुवार. आमची दोघांची सुट्टी. दुपारी जेवणं झाल्यावर मी ह्यांच्यापुढं दोन्ही हात धरले.

ह्यांनी बघितलं. "काय झालंय?"

मी सांगितलं. तुमचंही सगळं सांगितलं, आत्तापर्यंत ह्यांना एवढंच ठाऊक होतं की सुमनताई तापानं गेल्या. म्हटलं, उद्या साहेबांना हात दाखवणार.

हे ताडकन उठले. "काय बोलायलीस तू हे? दोन-तीन वर्षं झाली, पोराला आणायचं, पोराला आणायचं म्हणून जीव खाल्लास माझा. आणि आता ताट पुढं आलंय तर लाथ मारायलीस? तेल लाव हाताला. बरं होतंय."

"ताईंनी पण लावलं होतं."

"त्यांचं वेगळं."

"काय वेगळं?"

"आईला काय सांगू मी? पोराला अजून ठेवून घे म्हणू? म्हातारीचे गुडघे गेलेत."

"तुम्हाला उद्या कुणी डॉक्टरानं विचारलं, हिला कसला त्रास आहे का, तर तुम्ही काय सांगाल?"

"काय सांगणार?"

"दाजींनी सांगितलं तेच. दाजी खोटं नाही बोलले. त्यांना जेवढं ठाऊक होतं तेवढंच बोलले."

हे चपला घालून बाहेर गेले. मी भांडी घासली. घासताना हाताला आग होत होती. वाटलं, चुकलं आपलं. तुमचंच खरं, घरी सांगायला नको होतं. घर घाबरलं की असं वागतं. आता हे गावी चिठ्ठी धाडतील, सासूबाई येतील, मला म्हणतील, सोड ती कंपनी. खुर्ची तर गेलीच, पण खोकीही जातील, आणि मग मी या दहा बाय दहाच्या खोलीत बसून काय करू? ताई, या भीतीत तुम्ही किती वर्षं एकट्या राहिलात, ते मला आज भांडी घासताना कळलं.

हे परत आले तेव्हा अजून ऊन होतं. उंबऱ्यातच बसले. खाली बघत म्हणाले, "काय नाव त्या औषधाचं?"

"पेनिसिलिन."

"पेनशिलीन."

"पुन्हा म्हणा."

"पेनि... पेनिसिलिन."

"माझ्या बायकोला हे टोचायचं नाही. असं म्हणायचं. मी बेशुद्ध असले तरी. डॉक्टर कितीही मोठा असला तरी."

"टोचायचं नाही," हे म्हणाले. आणि मग, "कंपनी सोड असं मी म्हणणार नाही. खोकी तर खोकी. बाळूचं बघू काय करता येतंय." डोळ्यांत पाणी होतं, ते रडण्यानं की उन्हानं, कुणास ठाऊक.

ताई, मी उद्या हात दाखवणार. तुमची खुर्ची कुणाला तरी मिळेल. जिला मिळेल तिचेही हात मी बघणार, आणि ती मला झापील. बाळू यायचा लांबला. हे सगळं तुम्हाला आवडणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण ह्यांनी ते नाव धडपडत म्हटलं ना, तेव्हा कितीतरी दिवसांनी मला पोटभर श्वास घेता आला. लिहिणं इथंच थांबवणार होते.

पण त्यानंतर मी सहज म्हणून विचारलं, "आणि तुमचं?"

"माझं काय?"

"तुमच्या कंपनीत. तुम्हाला काय होतंय का?"

हे चिंचवडला लोखंडी पार्ट चकाकवायच्या खात्यात आहेत. मोठमोठ्या हौदांत पिवळं वाफाळतं पाणी असतं, त्यात पार्ट बुडवायचे, एवढंच मला ठाऊक. इतक्या वर्षांत मी त्याहून जास्त विचारलं नव्हतं.

"मला काय व्हायलंय," म्हणत हे उठले आणि चहासाठी स्टोव्हला पंप मारायला लागले. स्टोव्ह आधीच पेटलेला होता.

"अहो."

पंप थांबला. पाठ माझ्याकडंच.

"सकाळी नाकातनं रक्त येतंय. त्या खात्यात सगळ्यांनाच येतंय. त्यात सांगण्यासारखं काय आहे."

"कधीपासनं?"

ह्यांनी पुन्हा पंपाला हात घातला. मी स्टोव्ह बंद केला, ह्यांचा हात धरून चटईवर बसवलं, दार लोटून घेतलं, आणि म्हटलं, सांगा. पहिल्यापासनं सांगा.